शेरा

राज्यभरच्या पुलांची यादी माझ्या टेबलावर येते.
जिल्हा, रस्ता, साखळी क्रमांक,
गाळे किती, बांधल्याचं साल,
आणि अगदी उजव्या कडेला, बोटभर रुंदीचा रकाना: शेरा.
नंदुरबारचे चार, गडचिरोलीचे अकरा,
कोकणातली तर पानंच्या पानं.
मी पुण्यात बसून, पंख्याखाली कागद दाबून धरत,
एकेकापुढे लिहिते:
पाडणे. रुंदीकरण. पाडणे. निरीक्षणाखाली. पाडणे.

पूल क्रमांक १९/२ माझ्याच हद्दीतला.
सोलापूर रस्ता, थेऊर फाट्याच्या अलीकडे, बेलओढ्यावर.
दगडी खांब, तीन गाळे,
कठडा दोन ठिकाणी ट्रकांनी खाल्लेला.
ओढा म्हणजे आता काय,
सोसायट्यांचं सांडपाणी आणि थर्माकोल.

फायलीप्रमाणे पुलाचं आयुष्य अकरा वर्षांपूर्वीच संपलेलं.
नाकाला ओढणी बांधून मी हातोडी घेऊन खाली उतरले,
ठोकत गेले गाळ्यामागून गाळा,
कुठंतरी पोकळ बोलेल म्हणून कान लावून.
नाही बोलला.
कुंभाराकडं बोट वाजवून निवडलेल्या माठासारखा
खणखणीत.

'ह्याला पाणी लागूच दिलं नाही, मॅडम.'
वर कठड्यावरून एक म्हातारा डोकावत होता.
यदू भिसे. मैलकुली, निवृत्त.

मैलकुली हे पद आता व्यपगत आहे,
म्हणजे माणूस गेला की त्याची खुर्चीही जाते.
याला तर खुर्चीही नव्हती.
पहार होती, घमेलं होतं,
आणि पुलाच्या अंगावरची पाणी निघायची चोवीस भोकं.
तेहतीस वर्षं, दर अमावास्येला
('तारखा कुठं ध्यानात राहतात, अवस राहते')
पहार घालून त्यानं ती मोकळी केली:
चिखल, पुड्या, मेलेला सरडा,
एकदा कुणाचंतरी मंगळसूत्र.
'चौकीत जमा केलं. पावती हाय.'
आणि खरंच पावती दाखवली.

मी शेरा बदलला नाही.
सहा पदरी रस्त्याला दोन पदरी पूल चालत नाही,
हे त्यालाही कळत होतं, मलाही.

अंदाजपत्रकात पाडायला चार रात्री धरल्या होत्या.
लागल्या नऊ.
ब्रेकरच्या तीन छिन्न्या मोडल्या.
रांग मांजरी फाट्यापर्यंत,
आणि साहेबांचे फोनवर फोन,
झाला का? झाला का?
जशी आत कुणी बाळंतीण अडलीय.
सातव्या रात्री ऑपरेटर बुधन हेंब्रम
यंत्र बंद करून खाली उतरला,
मधल्या खांबाला तळवा लावून उभा राहिला थोडा वेळ,
तंबाखू मळली,
आणि परत चढला.

नवा पूल देखणा आहे. खोटं कशाला बोलू?
रात्री निळे दिवे लागतात,
पोरं येऊन फोटो काढतात.
पाच वर्षं ठेकेदार बघेल.
पुढचा रकाना छापलेलाच नाही.

भिसे परवा कचेरीत आले होते,
पेन्शनच्या कुठल्याशा कागदासाठी.
जाताना दारातून वळले.
'नव्याला भोकं किती?'
साठ, म्हटलं.
हिशेब करत राहिले, ओठ हलत होते.
'मग दोन माणसं लागतील.'

दुपारी यादीतल्या पुढच्या पानाला लागले.
परभणी, सात पूल.
सगळ्यांची सालं आहेत, रुंद्या आहेत,
कुणी कुणाची भोकं काढली
याची नोंद कुठल्याच नमुन्यात नाही.

शनिवारी बोहरी आळीतून पहार घेतली एक.
बिल कुठल्या लेखाशीर्षात टाकावं कळेना,
म्हणून पर्समध्येच आहे.
पहार डिकीत.
गतिरोधक आला की वाजते.